कादंबरीच्या शेवटची चार पानं

२०२५च्या फेब्रुवारीत ‘छावा’ चित्रपट आला, तेव्हापासून कोल्हापूरच्या माझ्या माणसांत एक वाद पेटलाय, तो विझायचं नाव घेत नाही. चित्रपट संभाजी महाराजांवरचा, शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर बेतलेला. त्यातला लेझीमचा प्रसंग आक्षेपांमुळे प्रदर्शनाआधीच काढावा लागला. मग फितुरीचा ठपका आपल्या पूर्वजांवर ठेवला म्हणून शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. शिवाजी पेठेतले माझे मामा म्हणतात, “सावंतसरांनी लिवलंय म्हंजे अभ्यास करूनच लिवलंय न्हवं का?” मावसबहीण शाळेत इतिहास शिकवते. ती म्हणते, “मामा, आम्ही बखरीवरसुद्धा डोळे झाकून विश्वास ठेवत नाही, आणि ही तर कादंबरी आहे.” मग दोन दिवस अबोला.

मी उत्तर इंग्लंडमध्ये राहते. इथून हा वाद ऐकताना मला दोघांचंही पटतं. वाद तुटत नाही, कारण ज्याने उत्तर द्यायचं ते पुस्तकच गप्प आहे. लेखकाने कागदपत्रांतून काय घेतलं, लोककथेतून काय घेतलं आणि स्वतःच्या मनातून काय रचलं, हे शेवटच्या चार पानांत सांगितलेलं असतं, तर मामा आणि भाची निदान एकाच पुस्तकाबद्दल भांडले असते.

मामांच्या प्रेमाला मी हसण्यावारी नेणार नाही. उद्यमनगरातल्या फौंड्रीत आयुष्य काढलेला माणूस. पाळी संपली की सायकल करवीर नगर वाचन मंदिराकडे वळायची. हे वाचनालय १८५०पासूनचं. तिथून एकेक जाडजूड कादंबरी घरी यायची, आणि ती संपेपर्यंत मामींना घरातली कामं एकटीनेच रेटावी लागायची. आमच्याकडे हे लेखक लांबचे नव्हतेच. रणजित देसाई कोवाडचे, सावंत आजऱ्याचे. सावंत तर कोल्हापुरात राजाराम हायस्कूलमध्ये शिकवायचे. ‘मृत्युंजय’ आलं १९६७ साली. पुढे कुणाचा काका, कुणाची आत्या ‘मी सरांच्या वर्गात होतो, होते’ असं सांगताना ताठ बसायची. तालमीतला पैलवान, दूध संस्थेतला कारकून, बाजारात भाजी घेऊन बसणारीचा मुलगा या सगळ्यांनी कर्ण वाचलेला. असा वाचकवर्ग मला जगात दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

आणि एका पुस्तकावर आपलं भागतही नाही. नाथमाधवांनी स्वराज्याची मालिकाच लिहिली. वि. वा. हडपांनी अख्खी पेशवाई कादंबरीमय केली, गो. नी. दांडेकरांनी शिवकाल. अलीकडे विश्वास पाटलांनी शिवाजी महाराजांवर ‘महासम्राट’ ही मालिका हाती घेतली. पुढचा भाग कधी येणार, हे विचारणारे वाचक आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहेत.

इथे आमच्या गावच्या वाचनालयात एक वाचकगट आहे. त्यात मी वयाने सगळ्यांत लहान, आणि माझेही केस पिकायला लागलेत. गटातल्या एका आजोबांनी तरुणपणी कोळशाच्या खाणीत काम केलं. मी महाराष्ट्रातली हे कळल्यावर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, “असई पाहिली आहेस का?” जालना जिल्ह्यातलं भोकरदनजवळचं हे गाव, आणि त्यांना तिथली नदी, तिथला उतार, तोफांची रांग, सगळं पाठ. हे कुठून आलं? बर्नार्ड कॉर्नवेल यांच्या शार्प मालिकेतून. साध्या शिपायाचा अधिकारी झालेला एक काल्पनिक नायक आणि त्याच्या वीसहून जास्त कादंबऱ्या. पहिली १९८१ची. १९९७ ते १९९९ या काळात आलेल्या तीन कादंबऱ्या हिंदुस्थानात घडतात: श्रीरंगपट्टण, असई आणि गाविलगड. २३ सप्टेंबर १८०३ला असईत इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं आणि डिसेंबरात गाविलगड घेतला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. आजोबांनी ती पुस्तकं इतक्या वेळा वाचलीत की पाठीच्या शिवणी सुटल्यात. त्यांच्यात आणि मामांमध्ये मला काहीही फरक दिसला नाही.

मग मीही ती पुस्तकं वाचली. लेखकाची हातोटी जबरदस्त आहे, पुस्तक खाली ठेववत नाही. पण वाचताना माझे डोळे सारखे समोरच्या रांगेकडे जात होते. नायक ज्यांच्यावर चालून जातो ती आमची माणसं. ज्या किल्ल्याची भिंत तो चढतो तो आमचा किल्ला. गट टाळ्या वाजवतो तिथे माझ्या घशाशी काहीतरी अडकतं. दुसऱ्या कुणाच्या लाडक्या मालिकेत आपण ‘समोरची बाजू’ असणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. शिर्क्यांच्या वंशजांचं दुखणं मला त्या बैठकीत बसल्यावर जितकं समजलं तितकं कोल्हापुरात राहून समजलं नसतं.

पण त्याच पुस्तकांच्या शेवटी लेखकाची एक टीप असते. प्रत्येक भागात. कोणती लढाई खरी, कोणती माणसं खरी, कुठे आपण घटना मागेपुढे केल्या, ते तो स्वतःच्या नावाने सांगतो. गाविलगडाच्या कादंबरीत आतली भिंत चढून जाण्याचा पराक्रम त्याने नायकाला दिलाय. शेवटी मात्र तो लिहितो की खरी ती भिंत चढला कॅप्टन कॅम्पबेल. त्या टिपेवर बोट ठेवून मी आजोबांशी भांडू शकले. चहा गार झाला, आवाज चढले, पण पुढच्या बैठकीला दोघेही हजर होतो. आणि टीप वाचली म्हणून त्यांचं त्या नायकावरचं प्रेम तसूभरही कमी झालेलं नाही.

याचा अर्थ इथलं सगळं सोन्याचं, असं मी म्हणत नाही. इथला वाचक निवांत आहे, कारण त्याचं काही पणाला लागलेलं नाही. ब्रिटनमध्ये ऐतिहासिक कादंबरीसाठी वॉल्टर स्कॉट पुरस्कार आहे. कथेचा काळ निदान ६० वर्षांपूर्वीचा असला की ती कादंबरी ऐतिहासिक, असा त्यांचा हिशेब. आमच्याकडे संभाजीराजांना मारलं ते १६८९सुद्धा कालचं वाटतं. वढू-तुळापूरला जाऊन आलेला माणूस दोन दिवस धड जेवत नाही. अशा वाचकाला ‘अहो, ती फक्त गोष्ट आहे’ असं सांगून गप्प करणं मला उद्धटपणाचं वाटतं. पण याच कारणासाठी टिपेची गरज इंग्लंडपेक्षा कोल्हापूरला जास्त आहे. ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका लिहिणाऱ्या गोविंद पानसरे यांच्यावर २०१५च्या फेब्रुवारीत याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर तरी इतिहासाबद्दल मोकळेपणाने, कागद समोर ठेवून बोलायची सवय आम्ही जपायला हवी होती.

ही इंग्रजांकडून आणायची गोष्टही नाही. ‘श्रीमान योगी’ उघडा. सुरुवातीला नरहर कुरुंदकरांचं रणजित देसाईंना लिहिलेलं दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून छापलंय. शिवाजी महाराजांच्या चरित्राकडे कसं बघावं याची इतकी सडेतोड चिकित्सा एका लोकप्रिय कादंबरीच्या दारातच उभी आहे, आणि ती छापायला लेखकाला संकोच वाटला नाही. किती मोठं मन! दुःख एवढंच की वाचनालयाच्या प्रतीत लढायांची पानं हाताळून मऊ झालेली असतात आणि प्रस्तावनेची करकरीत. ‘मृत्युंजय’मध्ये तर दुर्योधन स्वतःच्या तोंडून बोलतो. समोरच्या बाजूचं ऐकून घेणं मराठी वाचकाला जमतं. त्याने ते डोळ्यांत पाणी आणून केलेलं आहे.

माझी बहीण कधी कधी कादंबरीकारांवरच घसरते, ते मात्र मला मान्य नाही. मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीने संभाजीराजांवर जो काळा रंग फासला, तो खरवडून काढायला वा. सी. बेंद्रे कित्येक वर्षं कागदपत्रांत बसले. त्यांचा ग्रंथ १९६०ला आला. तो माझ्या मामांपर्यंत पोचला का? नाही. मामांपर्यंत सावंतांची कादंबरी पोचली. संशोधकाने उभा केलेला राजा घराघरांत नेला तो कादंबरीकाराने, आणि हे ऋण इतिहासाच्या शिक्षकांनीही मानायला हवं. पण त्या राजासोबत बेंद्रेंचं नावही घराघरांत गेलं असतं तर?

‘स्वामी’चंही तेच. माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाई १७७२ला थेऊरला सती गेल्या, हे आपल्याला माहीत आहे. त्यांच्याविषयी कागदांत सापडतं ते फार थोडं. बाकीची रमा देसाईंच्या लेखणीतून आलेली आहे, आणि तीच आज आपल्या सगळ्यांची रमा आहे. लेखकाने एवढं मोठं काही निर्माण केलं, तर ते त्याचं आहे हे वाचकाला कळू नये का? टीप नसली की श्रेयही इतिहासाच्या खात्यावर जमा होतं. माझ्या मते लेखकावरचा हा मोठा अन्याय आहे.

म्हणून प्रकाशकांकडे माझं मागणं आहे. नव्या कादंबऱ्यांच्या लेखकांकडून शेवटची चार पानं हट्टाने लिहून घ्या. जे लेखक आज हयात नाहीत त्यांच्या पुढच्या आवृत्तीत मूळ मजकुराच्या एका शब्दालाही हात लावू नका, फक्त मागे एखाद्या इतिहासकाराची टीप जोडा. कोल्हापुरात त्यासाठी माणसं शोधत हिंडावं लागणार नाही, शिवाजी विद्यापीठाचा इतिहास विभाग तिथेच आहे. वाचनालयांनी शाहू स्मारकात एक संध्याकाळ ठरवावी, कादंबरीकार आणि संशोधक एकाच मंचावर बसवावेत आणि प्रश्न वाचकांना विचारू द्यावेत. पुस्तकाची किंमत पंधरा-वीस रुपयांनी वाढेल. कोल्हापूरचा वाचक ती देईल. मामांना मी विचारलंय, ते म्हणाले, “दे की छापायला सांगून, पर अक्षर मोठं ठेवा म्हणावं.”