प्लॅटफॉर्म क्रमांक ३०००

ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे लोकांनी मिळून काढलेला जगाचा नकाशा. त्याची साइट बघायची तर मोबाईलमध्ये पत्ता टाकायचा, साइट उघडते. पैसे पडत नाहीत, लॉगिन मागत नाही, कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. नेमकी हीच साइट स्वतःच्या लॅपटॉपवर उघडावी म्हणून मी जो आटापिटा केला, त्यामागे माझ्या भाचीचा हात आहे. ती इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी काय शिकायला हवं हे तिला माहीत असतं.

"मामा, इतकी वर्षं तू नुसत्या गल्ल्याच काढत बसलायस. कोडमध्ये हात घाल ना! ओपन सोर्स आहे, कुणालाही बघता-बदलता येतो."

गल्ल्या काढतो हे खरं. २००४ साली स्टीव्ह कोस्ट नावाच्या माणसाने इंग्लंडात हा नकाशा सुरू केला आणि तेव्हापासून जगभरची हौशी मंडळी त्यात आपापलं गाव भरताहेत. गिरगावात थोडाफार हात माझाही आहे. खोताच्या वाडीतला कुठला बोळ आरपार जातो आणि कुठला कुणाच्या तरी ओट्यापाशी जाऊन संपतो, हे उपग्रहाला वरून कळत नाही. त्याला गिरगावकरच लागतो.

कोडमध्ये मला करायचं होतं ते इतकंच, की बाजूच्या पट्टीतली अक्षरं जरा मोठी करून बघावीत. चष्म्याचा नंबर वाढलाय, दुसरं काही नाही. एका ओळीचं काम. ती एक ओळ बदलून बघायला आधी अख्खी साइट घरी आणून बसवावी लागते, हे भाचीने मी हो म्हटल्यावर सांगितलं.

साइट कशी बसवायची याची कृती प्रकल्पवाल्यांनी नीट लिहून ठेवली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण कृती लिहिणाऱ्याचं मशीन आणि आपलं मशीन यांची पत्रिका जुळेल याची खात्री कुणी देत नाही. साइट रूबी नावाच्या भाषेतली, तिच्या 'रेल्स' या तयार सांगाड्यावर उभी केलेली. माझ्या लॅपटॉपवरच्या उबुंटू या सिस्टिममधलं रूबी जुनं निघालं. नवं हवं तर ते घरीच कंपाइल करायचं, म्हणजे मूळ कोडपासून तयार करायचं. आज्ञा दिली. पडद्यावर एक ओळ उमटली आणि मग सगळं शांत. काम चाललंय की मशीन गेलं, कळायला मार्ग नाही. लॅपटॉप इतका तापला की तो उचलून लादीवर ठेवला आणि स्वतः त्याच्याशेजारी मांडी घालून बसलो. मे महिना होता. बायकोने माझ्यावरचा पंखा त्याच्याकडे वळवला.

त्यानंतर जेम्स, म्हणजे रूबीला जोडायचे तयार सुटे भाग. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं करत नावांची रांग सरकत राहते आणि आपण समाधानाने बघत राहतो. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसच्या जेमपाशी रांग थांबली. पडदाभर लाल मजकूर. त्यात आपल्याला हवी असलेली ओळ एकच असते आणि ती कधीही शेवटी नसते. कुठे तरी मध्येच, 'लिबपीक्यू-एफई डॉट एच' नावाची फाईल सापडत नाही, असं लिहिलं होतं. त्यावर उपाय एका छोट्या पॅकेजचा, मिनिटभराचा. ओळ शोधण्यात दुपार गेली.

मग डेटाबेस. तो म्हणतो, अशा नावाचा कुणी यूजर आमच्याकडे नाही. आत्ताच तर बनवला! पुन्हा बनवला, पुन्हा तेच उत्तर. खोलात गेल्यावर कळलं की लॅपटॉपवर एक पोस्टग्रेस आधीपासून नांदत होतं आणि ५४३२ नंबरचा पोर्ट, म्हणजे बोलणी करायचं दार, त्याने धरून ठेवला होता. नवं आलं ते गुपचूप ५४३३ वर जाऊन बसलं. यूजर बनत होता नव्यात आणि साइट विचारत होती जुन्याला. हे जुनं बसवलं कुणी? भाचीने, मागच्या दिवाळीत, तिच्या प्रोजेक्टसाठी.

"मामा, ते काढू नकोस हं. माझं सबमिशन आहे त्यात."

नाही काढलं. सेटिंगच्या फाईलमध्ये ५४३३ लिहिलं आणि पुढे गेलो.

या सगळ्या कृतीत एक पायरी मात्र मला मनापासून आवडली. 'सेटिंग्ज डॉट लोकल डॉट वायएमएल' नावाची एक फाईल बनवा, असं तिथे म्हटलंय. आत काय लिहायचं? काहीच नाही. फाईल रिकामी, पण ती हवी. सरकारी नोकरीत जन्म गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कळवण्यासारखं काही नसलं तरी 'निरंक' लिहून तक्ता वर पाठवावा लागतोच. न पाठवला तर स्मरणपत्र येतं.

अखेर एका रात्री ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे आपलंच मशीन), पोर्ट ३००० असं टाकलं आणि साइट उघडली. सगळं जागच्या जागी. नकाशा, शोधाची चौकट, बाजूची पट्टी. मी ओरडलोच असेन, कारण बायको ओट्यावरचं काम टाकून आली. तिने पडदा बघितला, मग स्वतःच्या मोबाईलवर काहीतरी टाईप करून माझ्यापुढे धरला.

"अहो, हेच ना?"

हेच.

"मग ते इथे दिसतंय की आधीपासून."

यावर देण्यासारखं उत्तर अजून मला सुचलेलं नाही.

संपादन करायचं तर खातं हवं. स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या साइटवर मी रीतसर नाव नोंदवलं. साइट म्हणाली, तुम्हाला मेल पाठवला आहे, त्यातल्या दुव्यावर टिचकी मारा. मेल येईना. "स्पॅममध्ये बघा," बायको म्हणाली. पण मेल माझ्याच लॅपटॉपवरून निघायचा होता आणि त्याला मेल पाठवता येत नव्हता. यावरचा इलाज कृतीतच दिलेला आहे: कन्सोल, म्हणजे आज्ञा लिहायची खिडकी, उघडायचा, स्वतःला नावाने शोधून काढायचं आणि लिहायचं, यूजर डॉट ॲक्टिव्हेट, पुढे उद्गारचिन्ह. उद्गारचिन्ह सक्तीचं आहे. मी ते अगदी मनापासून दिलं.

त्याच पानावर पुढे प्रशासक होण्याची सोय आहे. मला त्याची काडीची गरज नव्हती, पण सोडवेना. त्या आज्ञेत पदाचं नाव लिहायचं आणि हे पद कोण देतंय त्याचा क्रमांक लिहायचा. तिथे आपलाच क्रमांक चालतो. नेमणूक करणारा मी, नेमला गेलेला मी. आमच्या सोसायटीत सेक्रेटरीपदासाठी दर सर्वसाधारण सभेत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. इथे एका ओळीत ठराव मांडून, अनुमोदन देऊन मंजूरही झाला.

एवढ्याने प्रशासकाला नकाशात रेघ मारता येते का? नाही. नकाशात रेघा मारायचा जो संपादक-प्रोग्राम असतो त्याला किल्ली लागते. ती किल्ली साइट देते, म्हणजे मीच. अर्ज केला, किल्ली मिळाली, ती कुठे ठेवायची बघितलं तर त्याच निरंक फाईलमध्ये. तिची पहिली ओळ भरली गेली तेव्हा मला उगाचच बरं वाटलं. (आणि हो, ती अक्षरं. ती मोठी झाली. छान दिसतात.)

मग गिरगावावर जाऊन संपादनाचं बटण दाबलं आणि गिरगाव नाहीसं झालं.

खाली उपग्रहाचं छायाचित्र होतं, पण त्यावर एक रेघ नाही, एक टिंब नाही. आपण बसवलेल्या साइटचा डेटाबेस कोरा असतो. बाहेर जो नकाशा दिसतो त्याची चित्रं थेट मूळ सर्व्हरवरून येतात. माझ्या डेटाबेसच्या लेखी मुंबई अजून वसायचीच होती. चर्नी रोड नाही, ठाकुरद्वार नाही. पश्चिम रेल्वेच नाही, त्यामुळे मेगाब्लॉकही नाही. वॉर्ड नाहीत, पुनर्विकास नाही, एफएसआय नाही. भाची म्हणाली, भारताच्या पश्चिम विभागाचा डेटा तयार मिळतो, तो उतरवून भर. मी म्हटलं, थांब जरा. अख्खी मुंबई रिकामी, आणि प्रशासक मी. ही संधी काय रोज येते?

बराच विचार करून आमच्या इमारतीसमोर एक छान चौकोन आखला आणि त्याला पार्किंग असं नाव दिलं. जतन केलं. चेंजसेट, म्हणजे एका वेळी जतन केलेल्या बदलांचा गठ्ठा, क्रमांक १! खऱ्या प्रकल्पाने २०२१ सालीच १० कोटींचा आकडा ओलांडलाय. माझ्या मुंबईतला पहिला चेंजसेट म्हणजे माझी स्कूटर लावायची जागा.

बायकोला हाक मारून नकाशा उघडला. चौकोन नव्हता. पान पुन्हा लोड केलं, तरी नाही. कसा असेल? चित्रं मूळ सर्व्हरवरची, चौकोन माझ्या डेटाबेसमध्ये. म्हणजे माझ्याकडे जे नाही ते सगळं दिसत होतं, आणि जे एकच होतं ते तेवढं दिसत नव्हतं.

"कुठाय पार्किंग?" तिने विचारलं.

"आहे. नोंद झालीय. फक्त दिसत नाही."

"म्हणजे बिल्डरने दाखवलं होतं तेच हे," असं म्हणून ती कुकर बंद करायला गेली.