पीसीने वाचली नाही म्हणून फ्लॉपी मेली असे होत नाही

जुन्या संगणकांच्या इतिहासावरचा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: फ्लॉपी कंट्रोलरची, म्हणजे फ्लॉपीवरचे वाचन-लेखन सांभाळणारी, चिप आयबीएमने १९८१ मध्ये पीसीसाठी घडवली, पुढची प्रत्येक चिप आधीच्या चिपचे सगळे काम करून वर आणखी काही करत गेली, आणि म्हणून जुनी फ्लॉपी पीसीत वाचली गेली नाही तर ती खराब झाली असे समजून खुशाल टाकून द्यावी. कमोडोर ६४ या घरगुती संगणकाची फ्लॉपी ड्राइव्ह कंट्रोलर चिप नसल्यामुळे मंद होती, हेही त्यात आहे. हा संदेश वाचून माझ्या मेहुण्यांनी, अमेरिकेत शिकत असताना ॲपल टू या जुन्या संगणकावर भरलेल्या फ्लॉपींचा खोका भंगारात द्यायला काढला, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

आयबीएमचा मुद्दा लगेच निकालात निघतो. पीसीच्या फ्लॉपी कार्डावरची चिप जपानच्या एनईसीची ७६५ होती. शिवाय वेस्टर्न डिजिटलची एफडी१७७१ त्याच्या पाच वर्षे आधी, १९७६ मध्येच आली होती आणि रेडिओ शॅकच्या टीआरएस-८० या संगणकाला फ्लॉपी जोडली गेली ती तिच्याच आधारावर.

खरे नुकसान करणारा मुद्दा टाकून देण्याचा आहे. फ्लॉपीवर असतात ते केवळ चुंबकीय ध्रुवबदल. त्यांतून बिट कसे काढायचे हे कंट्रोलर ठरवतो. १७७१ ला कळणाऱ्या एफएम या लेखनपद्धतीत प्रत्येक बिटासोबत वेळ जुळवण्यासाठी एक घड्याळी स्पंद लिहिला जाई. तिच्या सुधारित रूपात, म्हणजे एमएफएममध्ये, तो फक्त लागोपाठच्या दोन शून्यांच्या मध्ये ठेवला गेल्यामुळे तेवढ्याच जागेत दुप्पट मजकूर मावू लागला. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वोझनियाक यांनी ॲपल टूच्या डिस्क टू या १९७८ च्या फ्लॉपी ड्राइव्हसाठी यातले काहीच घेतले नाही. तयार कंट्रोलर चिप न वापरता त्यांनी मोजक्या लॉजिक चिप आणि प्रॉम या कायमस्वरूपी स्मृतीच्या एका चिपवर काम भागवले, बाकीचा भार संगणकाच्या ६५०२ प्रोसेसरवर टाकला आणि स्वतंत्र घड्याळी स्पंद नसलेली जीसीआर पद्धत स्वीकारली. आता अशी फ्लॉपी पीसीत घातली की काय होते ते पाहा. पीसीची ७६५ शोधत असते ती एमएफएमची खूण, म्हणजे एक घड्याळी स्पंद मुद्दाम गाळून लिहिलेला ए१ हा बाइट. १६ सेक्टरांच्या, म्हणजे प्रत्येक वर्तुळाकार पट्टीचे १६ भाग पाडलेल्या, ॲपल फ्लॉपीवर मात्र प्रत्येक सेक्टरच्या आरंभी डी५, एए, ९६ असे तीन बाइट असतात. एनईसीच्या माहितीपत्रकातच लिहिले आहे की तबकडीची फेरी कुठे सुरू होते ते दाखवणारे इंडेक्सचे छिद्र दोनदा समोरून जाईपर्यंत खूण सापडली नाही तर चिप 'ॲड्रेस मार्क नाही' अशी नोंद करते. ही नोंद खुणेबद्दलची आहे, त्या तबकडीवरचा मजकूर टिकला की गेला याबद्दल ती काहीही सांगत नाही. ध्रुवबदलांमधले अंतर जसेच्या तसे टिपणारे ग्रीझवीझलसारखे छोटे बोर्ड आज मिळतात, आणि त्यांनी घेतलेल्या नोंदीवरून ॲपलचाच काय, कमोडोरचाही मजकूर नंतर सॉफ्टवेअरने उलगडता येतो. ते करून पाहण्याआधी एकही फ्लॉपी टाकू नये.

चिप सुधारत गेल्या, एवढे मान्य करावे लागेल. १७७१ मध्ये डेटा आणि घड्याळ वेगळे करणारी सोय इतकी बेभरवशाची होती की त्यासाठी बाहेरून वेगळे सर्किट जोडण्याची शिफारस खुद्द उत्पादकाने केली होती. अटारी एसटीमधल्या डब्ल्यूडी१७७२ मध्ये तेच काम ४० ऐवजी २८ पिनांच्या चिपच्या आत होऊ लागले. परंतु 'आधीचे सगळे काम करून' हे खोटे आहे. १७७१ सेक्टरमधल्या डेटाच्या आरंभी चार वेगवेगळ्या खुणा लिहू शकत असे, वेस्टर्न डिजिटलच्याच त्यानंतरच्या १७९३ ला दोनच लिहिता येत. टीआरएस-८० मॉडेल वनची डिस्क प्रणाली डिरेक्टरीसाठी वापरत असलेली खूण नेमकी गाळलेल्यांपैकी निघाली, आणि १७९३ वापरणाऱ्या नंतरच्या मॉडेल थ्रीवर त्या फ्लॉपी हाताळणाऱ्यांना त्याचा त्रास झाला.

कमोडोर ६४ च्या १५४१ या ड्राइव्हमध्ये तयार कंट्रोलर चिप नव्हती हे खरे, पण तिच्यात स्वतःचा ६५०२ प्रोसेसर होता आणि डिस्क वाचण्याचा तिचा वेग पुरेसा होता. मजकूर अडत होता तो संगणकाकडे जाणाऱ्या सिरियल तारेवर, जिथे व्हिक-२० या आधीच्या कमोडोर संगणकाच्या काळातल्या ६५२२ चिपमधल्या दोषामुळे एकेक बिट सॉफ्टवेअरने ढकलावा लागे आणि सेकंदाला जेमतेम ४०० बाइट पोहोचत. तीच ड्राइव्ह, तीच तार आणि तीच फ्लॉपी ठेवून, केवळ हा पाठवणीचा कार्यक्रम बदलून फास्टलोडर, म्हणजे मजकूर लवकर पोहोचवणारे कार्यक्रम, लिहिणाऱ्यांनी तो वेग अनेक पटींनी वाढवून दाखवला.