झोपलाय कुठे, दबा धरून बसलाय
सुप्त टीबीत (जंतू अंगात असतो पण आजार दिसत नाही तेव्हा) तो नुसता झोपून असतो असं लेखात म्हटलंय, ते काही पटलं नाही. अहो तो मुळातच संथ, आतड्यातला ई. कोलाय जंतू २० मिनिटांत दुप्पट होतो तिथे याला जवळपास २० तास लागतात, त्यात ऑक्सिजन कमी पडला की डॉस-आर नावाचा जनुकांचा स्विच चालू करून वाढ अजून आवरती घेतो, आणि हे सगळं आपल्याच मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशीत बसून, जिने खरं तर त्याला पचवायचं!

मला संधिवातासाठी टीएनएफ (शरीरात दाह वाढवणारं एक प्रथिन) अडवणारं इंजेक्शन द्यायच्या आधी डॉक्टरांनी टीबीची टेस्ट करायला लावली तेव्हा जाम वैतागलो होतो. नंतर कळलं की जंतूंना कोंडून ठेवणारी गाठ शाबूत राहायला टीएनएफच लागतो, म्हणजे तो अडवला की दबा धरलेला जंतू सुटू शकतो. हे लेखात यायला हवं होतं राव.