झाकणांचा छत्तीसचा आकडा

रिकामं खोकं घराबाहेर काढायची एक वेळ असते. ती हुकली की कोणीतरी म्हणतं, "टाकू नका, मुलांना गणिताचे खेळ करता येतील," आणि त्यानंतर घरात कचरा म्हणून काही उरतच नाही. उरतं ते साहित्य. ते पलंगाखाली साठतं, आणि मी कटर घेऊन त्याच्यासमोर मांडी ठोकतो.

सुरुवात बाटल्यांच्या झाकणांपासून, कारण ती सोपी वाटतात. ० ते ९ चे दोन संच, म्हणजे २० झाकणं, शिवाय अधिक, उणे, बरोबर यांची पाच-सहा. हिशेब चोख दिसतो. मूल मात्र पहिल्याच फटक्यात ११ + १ = १२ मांडायला घेतं. त्याला १ लागतात चार, आपल्याकडे दोन. तेव्हा १ आणि २ ची चार-चार झाकणं आधीच करून ठेवावीत. आकडा झाकणाच्या पाठीवर लिहू नका. गुळगुळीत प्लॅस्टिकवरची शाई बोटांनी घासून उडते. गोल कागदावर लिहून तो आतल्या खोलगट बाजूला चिकटवा, म्हणजे कड त्याला सांभाळते.

मग येतो खरा छत्तीसचा आकडा. गोल झाकणाला वर-खाली नसतं. ३ उलटा फिरला की थेट ६ चा अवतार घेतो. हे दोघे एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात, एवढंच आजवर ऐकलं होतं. ते एकमेकांची सोंगं घेतात, हे झाकणांनी दाखवलं. उपाय म्हणजे प्रत्येक आकड्याखाली आडवी रेघ. प्रत्येक म्हणजे शून्यालासुद्धा. नाहीतर "यालाच का रेघ?" या प्रश्नावर संध्याकाळ जाते. आणि घरात तीन वर्षांखालचं पोर असेल तर झाकणं पूर्ण बाद. टिश्यूच्या गुंडाळीच्या नळीतून जे आरपार जातं ते घशात अडकू शकतं, आणि झाकण तर त्या नळीतून अगदी ऐटीत जातं.

फाशासाठी दुधाची दोन चौकोनी कागदी खोकी धुऊन, वाळवून घ्यावीत. तळाची बाजू ७ सेंटिमीटर असेल तर दोन्ही तळापासून ७ सेंटिमीटरवर कापायची आणि तोंडात तोंड घालून एकात एक सारायची. ती जात नाहीत. दोन्ही एकाच मापाची, कोण कोणाच्या आत जाणार? एकाच्या चारही कोपऱ्यांवर दोन सेंटिमीटर चीर द्या, मग नमतं घेतं. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज ७ ठेवायची. कापताना अर्धा सेंटिमीटर जास्त गेला की फासा उंच होतो, मग तो आडवा पडणंच पसंत करतो आणि टोकांवरचे आकडे क्वचितच दर्शन देतात. तिथे १ आणि ६ असले तर लबाडीचा आरोप बनवणाऱ्यावर येतो.

दोन फासे जमले तर पुठ्ठ्यावर २ ते १२ अशा ११ धावपट्ट्या आखा. बेरीज येईल तो घोडा एक घर पुढे. मूल हटकून १२ निवडतं, कारण तो सगळ्यात मोठा. ३६ शक्यतांपैकी ७ च्या वाट्याला सहा, १२ च्या वाट्याला एक. हे आधी सांगू नये. तिसऱ्या डावाला ते आपणच ७ पळवतं.

कागदी कपांचं स्थानिक किमतीचं यंत्र दिसायला देखणं, करायला छळवादी. एकसारखे चार कप, प्रत्येकाच्या काठालगत गोलाकार ० ते ९. नजरेच्या अंदाजाने लिहिलं की ७ पर्यंत ऐसपैस आणि ८, ९ दाटीवाटीने कोपऱ्यात. काठाला दोरा गुंडाळा, मोजा, दहाने भागा. कप आडवा, तोंड उजवीकडे ठेवून आकडे लिहायचे. एकात एक घातल्यावर सगळ्यात आतला कप एकक, सगळ्यात बाहेरचा हजार. तोंड डावीकडे ठेवून लिहिलं तर एकक थेट हजाराच्या गादीवर बसतो. कप घट्ट बसले की एकक फिरवताना हजारही सोबत गरगरतो. हातचा घ्यायची ही पद्धत कुठल्याही वर्गात मान्य नाही. प्रत्येक कपाच्या तळाशी कागदाची एक गोळी टाकली की सैल राहतात.

अंड्यांच्या १२ खळग्यांच्या खोक्याला मात्र मी मानतो. खळग्यांत १ ते १२ लिहा, दोन बटणं टाका, झाकण लावून हलवा, उघडा, गुणा. पाच मिनिटांचं काम. आवाज तेवढा भयंकर होतो. दुपारी झोपणारं कोणी घरात असेल तर बटणांऐवजी कापसाचे बोळे टाकून पाहा. ते खळग्यातून हलत नाहीत, त्यामुळे दर वेळी तोच गुणाकार येतो. उत्तर मात्र चौथ्या खेपेपासून झटकन येतं.