डोंगरावरून आभार

पोलंडमधल्या व्रोत्स्वाफमध्ये भाड्याने घेतलेल्या खोलीच्या दारावर पहिल्याच दिवशी एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. ठसठशीत इंग्रजीत: 'प्लीज क्लोज डोअर सायलेंट. थँक यू फ्रॉम द माउंटन.'

मी खिडकीतून बाहेर डोकावलो. ओद्रा नदीकाठचं हे सपाट शहर. डोंगर सोडा, नावाला टेकाडही दिसेना. दोन महिने मी दार हळू लावत राहिलो आणि डोंगर शोधत राहिलो. पुढे पोलिशचे धडे गिरवताना उलगडा झाला. 'गुरा' म्हणजे डोंगर, पण 'झ गुरी' म्हणजे 'आगाऊ'. बाईंनी बिचाऱ्यांनी आगाऊ आभार मानले होते.

बाई म्हणजे माझ्या घरमालकीण. वय सत्तरीकडे झुकलेलं. पोलिशमध्ये बाईमाणसाला मानाने 'पानी' म्हणतात, म्हणून मीही 'प्रोशे पानी, प्रोशे पानी' करत असतो. फोनवर ते ऐकून कोल्हापूरहून आई म्हणाली, "अरे, त्या म्हातारीला सारखं पाणी काय मागतोस? उठून घे की!"

बाईंच्या शाळेत रशियन सक्तीची होती. इंग्रजीशी त्यांची ओळख टीव्हीवरची, म्हणजे नसल्यासारखीच. इथे परदेशी सिनेमात 'लेक्तोर' नावाचा एकच बाप्या सगळ्यांचे संवाद पोलिशमध्ये वाचतो. नायिका हंबरडा फोडो की नायक प्रेमाची कबुली देवो, हा वीजबिलाची थकबाकी सांगावी तशा सुरात वाचत जातो. मागे मूळ इंग्रजी पुटपुटल्यासारखं ऐकू येतं. बाईंना इंग्रजीचा तेवढाच वास.

पण 2004मध्ये पोलंड युरोपियन युनियनमध्ये गेला आणि मुलगा इंग्लंडला. गेला तो एकटाच नव्हे. 2011च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिश हीच आपली मुख्य भाषा असं सांगणारे 5 लाख 46 हजार निघाले! मुलाने तिकडचीच बायको केली, आणि नातवाला पोलिशचं ओ की ठो कळत नाही. म्हणून बाई इंग्रजीच्या मागे लागल्या, आणि इंग्रजीचा अर्थ विचारायला माझ्या.

मी कोल्हापूरचा हे कळल्यावर त्यांचे डोळे पाणावले होते. 1943 ते 1948 या काळात हजारो पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला नव्हतं. उपकाराची फेड म्हणून भाडं थोडं उतरेल, असं वाटलं होतं. उतरलं नाही. शिकवणी तेवढी गळ्यात पडली. फी म्हणून पिएरोगी मिळतात. दिसायला थेट करंजी, आत बटाटा आणि पनीरसारखं काहीतरी. पहिला घास घेताना माझी दिवाळीच मोडली.

बाईंची अडचण अशी की त्यांना कठीण इंग्रजी शब्द छळत नाहीत. छळतात ते ओळखीचे. लॅटिन आणि फ्रेंचच्या घरातून दोन्ही भाषांनी भांडीकुंडी उचलली, आणि एकीने ज्यात दूध तापवलं त्यात दुसरीने भलतंच काही शिजवलं. नातवाने कळवलं, आम्ही सुट्टीसाठी कॅराव्हॅन घेतली. बाईंनी छातीवर क्रूस काढला. पोलिशमध्ये 'कारावान' म्हणजे शववाहिका. इंग्लिश सुनेने विचारलं, तुमच्या प्लमच्या जॅममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह असतात का? बाई लाल झाल्या. 'प्रेझेर्वातिवा' म्हणजे निरोध! असलं कोण विचारतं, तेही सासूला?

आता वाटेल, मी मजा बघत होतो. पण 'इव्हेंच्युअली'ने माझा आख्खा डिसेंबर खाल्ला. गिझर बंद पडला तेव्हा बाई म्हणाल्या, "इव्हेंच्युअली प्लंबर कम टुमारो." उशिरा का होईना, माणूस उद्या येणार म्हणून मी निर्धास्त. पोलिश 'एव्हेंतुआल्निए'चा अर्थ 'जमलंच तर'. मी रोज सकाळी टॉवेल घेऊन तयार. अखेर भांड्यात पाणी तापवून अंघोळ सुरू केली, गावाकडच्यासारखी.

आणि जानेवारीत घसा धरला. गिळवेना, ताप भरला. डॉक्टरांनी 'आ' करायला लावलं, टॉर्च मारला, काहीतरी म्हणाले आणि माझा चेहरा कोरा पाहून एकच शब्द कागदावर लिहून दिला. मी वाचला: अंजायना. इंग्रजीत म्हणजे हृदयामुळे छातीत दुखणं.

आमच्या वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. "सीरियस?" विचारलं. डॉक्टर हसून म्हणाले, "नो, नो, नो." इथे सांगायला हवं की पोलिश 'नो' म्हणजे 'हो', 'हं', 'बरं'. आता हे डॉक्टर कुठल्या भाषेत नकार देत होते की होकार? त्या हसण्यात मला करुणा दिसली.

तीन मजले कठडा धरून, दर पायरीला थांबत चढलो. कोल्हापूरला फोन लावला. आईने देव पाण्यात घातले. पुण्याच्या चुलतभावाने आधी पॉलिसी नंबर विचारला, मग तब्येत. मी पडून छताकडे बघत होतो. छातीत खरंच दुखायला लागलं होतं.

बाई रास्पबेरीचं सरबत घातलेला गरम चहा घेऊन आल्या. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि म्हणाल्या, "आं, आंगिना! माझ्या मुलाला लहानपणी वर्षातून तीनदा व्हायची. आइस्क्रीम खाल्लंस ना?"

पोलिशमध्ये 'आंगिना' म्हणजे टॉन्सिल्स सुजणं. बस्स. मी इंग्रजी अर्थ समजावून सांगितला तर बाई ऐकेनात. चडफडत कोश काढला, तर मूळ लॅटिन शब्दही घशाच्याच दुखण्याचा निघाला. छातीचा अर्थ मागाहून चिकटलेला. बाई विजयी मुद्रेने म्हणाल्या, "बघ, इंग्रजांचंच चुकलंय." आईला परत फोन करून देव बाहेर काढायला लावले, त्याला मात्र पाऊण तास लागला. टॉन्सिलसाठी एवढा घोर लावलास, म्हणून शिव्या वेगळ्या.

तेव्हापासून बाईंचा माझ्यावरचा विश्वास उडाला आहे, आणि खरं सांगायचं तर माझाही. परवा त्यांनी विचारलं, 'द'चा अर्थ काय? मी गप्प. असला प्रकार मराठीत नाही, पोलिशमध्येही नाही. म्हटलं, जे एकच असतं त्याला 'द' लावायचा. द सन, द मून. बाई म्हणाल्या, "मला नातू एकच आहे. द माय ग्रँडसन?" मी पिएरोगी तोंडात कोंबली. तिसरी इयत्ता ते एमएस्सी मी 'द' फक्त कानाला बरा लागेल तिथे लावत आलो, हे यांना कुठल्या तोंडाने सांगू?

काल दारावर नवी चिठ्ठी लागली. माझ्या शिकवणीचं फळ. 'प्लीज क्लोज द डोअर स्लोली स्लोली अँड डू द नीडफुल. थँक यू फ्रॉम द माउंटन.' बाई शेजारी उभ्या राहून विचारत होत्या, तीनही 'द' बरोबर आहेत ना? मी दोनदा वाचलं, मान हलवली. डोंगराला हात लावला नाही.