पाणी नितळ झालं म्हणजे शुद्ध झालं नाही

गेले काही आठवडे एक मेसेज फिरतोय. आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, कॉलेजच्या ग्रुपवर आला आणि परवा ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) चालवणाऱ्या ऑपरेटरांच्या ग्रुपवरही आला. तिथे तो पाहिला म्हणून लिहायला बसले. मेसेज थोडक्यात असा: ‘औषध कारखान्याच्या सांडपाण्यात चुना आणि तुरटी टाकली की पाणी नितळ होतं, पीएच ७ वर येतो. मग हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की औषधाचे अंश जळून जातात. हे पाणी नदीत सोडायला हरकत नाही. पुढच्या जैविक टाक्या (जिथे जिवाणू घाण खातात) म्हणजे फुकटचा खर्च.’

आधी नितळपणाबद्दल. जार टेस्ट मी शेकडो वेळा केली आहे. सहा बीकर ओळीने मांडायचे, प्रत्येकात तुरटीचा डोस वेगळा. आधी जोरात ढवळायचं, मग पॅडल हळू करायचं. बघता बघता कापसासारखे पुंजके धरतात, जड होतात, आणि अर्ध्या तासात खाली गाळ आणि वर काचेसारखं पाणी. डोळे फसतात ते इथेच. तुरटी तरंगणारे आणि कलिल (अतिसूक्ष्म, न विरघळलेले) कण खाली बसवते. विरघळलेलं मिथेनॉल, अ‍ॅसिटोन, औषधाचे रेणू हे बहुतेक सगळं त्या नितळ पाण्यातच राहतं. घरी करून बघा. लिटरभर पाण्यात चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम साखर विरघळवा. पाणी नितळच दिसेल, पण त्याचा सीओडी, म्हणजे त्यात विरघळलेलं सगळं रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन, सुमारे ५,६०० मिलिग्रॅम प्रतिलिटर भरेल. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला सर्वसाधारण मर्यादा २५० ची आहे.

पीएच ७ चं म्हणाल तर त्याचा अर्थ एवढाच, की आम्ल आणि अल्कली एकमेकांना भिडून संपले. हायड्रोक्लोरिक आम्लात कॉस्टिक घातलं की मीठ तयार होतं, आणि ते मीठ पाण्यातच राहतं. ते ना तुरटीने बसतं, ना जिवाणू खातात. म्हणून तर खारट प्रवाह रिअ‍ॅक्टरपासूनच वेगळा काढून बाष्पीभवनाला न्यावा लागतो. सगळं एका टाकीत ओतून मग चुना मारत बसलं, तर खारट पाणी फक्त वाढतं.

खाली बसलेल्या गाळाबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही. तो रासायनिक गाळ २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतो. फिल्टर प्रेसमधून पिळून, नोंद करून तो अधिकृत ठिकाणी पाठवावा लागतो. आपल्या जिल्ह्यात तशी सोय रांजणगावला आहे.

‘औषधाचे अंश जळून जातात’ यात अर्धं खरं आहे. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली, तिथलं पेनिसिलिन पुणेकरांना ठाऊक आहेच. पेनिसिलिनच्या रेणूतलं बीटा-लॅक्टम नावाचं कडं अल्कलीत उघडतं आणि औषधाचा प्रभाव जातो. पण सिप्रोफ्लॉक्सासिन हे दुसरं प्रतिजैविक असं चुन्याने मोडत नाही. हैदराबादजवळच्या पाटनचेरूला सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात त्याचं प्रमाण लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं होतं. ते २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही एवढं नसतं. आणि त्या केंद्रात जैविक प्रक्रिया होती! म्हणजे नुसत्या जैविक टाक्याही पुरत नाहीत. प्रतिजैविक एरेशन टाकीत, म्हणजे हवा सोडलेल्या जैविक टाकीत, शिरलं की तिथल्या जिवाणूंमध्ये त्याला दाद न देणारेच तगून वाढतात. त्याला मोडायचं तर त्या टाकीच्या आधी, त्या त्या औषधाला लागू पडेल अशा रासायनिक प्रक्रियेनेच. रासायनिक पूर्वप्रक्रिया मला नकोशी नाही, माझं निम्मं काम तेच आहे. पण तिच्या नावात ‘पूर्व’ आहे, ते उगाच नाही.

कायद्याच्या भरवशावरही राहू नका. जानेवारी २०२० च्या केंद्राच्या मसुद्यात प्रतिजैविकांच्या अवशेषांना मर्यादा घातल्या होत्या. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या गाळल्या गेल्या. आणि कुरकुंभची औद्योगिक वसाहत काय, पिंपरी-चिंचवड काय, दोन्ही भीमेच्या खोऱ्यात. खाली उजनी धरण आहे.

आता पेरॉक्साइड. मेसेजमधला क्रमच चुकलाय. नुसतं पेरॉक्साइड अशा पाण्यात फारसं काही करत नाही. त्याच्या जोडीला फेरस सल्फेट (लोहाचा क्षार) आणि ३ च्या आसपासचा पीएच लागतो. हीच फेंटन प्रक्रिया, १८९४ पासून माहीत असलेली. आधी चुन्याने पीएच ७ वर नेला की लोहाचा साका बसतो आणि पेरॉक्साइड वाया जातं. खर्चाचा हिशेबही मांडू. १ किलो सीओडी पूर्ण जाळायला कागदावर २.१ किलो शुद्ध पेरॉक्साइड लागतं. लिटरला २०,००० मिलिग्रॅम सीओडी असलेल्या एका घनमीटर पाण्याला ५० टक्क्यांचं द्रावण जवळपास ८५ किलो. रोजचे पन्नास घनमीटर धरा आणि तुम्हीच गुणा. तेच काम जिवाणू हवेवर करतात. फेंटनने मोठे, हट्टी रेणू तोडून त्यांना खाता येतील एवढे लहान करून द्यायचे, पुढचं त्यांच्यावर सोडायचं.

आणि उरलेलं पेरॉक्साइड मोडल्याशिवाय पुढे सोडायचं नाही. गेल्या वर्षी एका कारखान्यात ते तसंच एरेशन टाकीत गेलं. दोन दिवसांत चॉकलेटी गाळ (म्हणजे तिथले जिवाणूच) फिकट पडला, फेस काठावरून वाहायला लागला, वरचं पाणी गढूळ. मग दुसऱ्या प्लांटचा गाळ टँकरने आणला, शेणकाला घातला, गूळ, युरिया, डीएपी सुरू केलं. टाकी ताळ्यावर यायला तीन आठवडे गेले, आणि तोवर रोजचं सांडपाणी साठवायला कारखान्याकडे जागा उरली नव्हती.