पंगत उठेना

ओव्हरटाईमचा अर्ज काल ऑफिसातून परत आला. लाल शाईत शेरा: ‘सदर काम मशीन आपोआप करते.’ खालची सही इतकी झोकदार, की ती काढण्यातच साहेबांचा अर्धा ओव्हरटाईम गेला असावा.

सदर काम म्हणजे परीक्षेआधी लॅबमधले ४० कॉम्प्युटर पुसून एकसारखे करणं. एका मशीनवर विंडोज, कंपायलर, कन्नड टायपिंगसाठी नुडी असं सगळं बसवायचं, त्याची इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल काढायची आणि नेटवर्कवरून बाकीच्यांवर उतरवायची. त्यासाठी क्लोनझिला हे सॉफ्टवेअर. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेलं आणि फुकट. फुकट म्हणूनच बेळगावात आमच्या कॉलेजात आलं. आता नेटवर्कवरून सुरू करायला प्रत्येक मशीनपुढं वाकून एफ-१२ दाबणं हे ‘आपोआप’मध्ये कसं बसतं, ते शेरा मारणाऱ्याला विचारायचं राहिलं.

तर ४० मशीन उठली, मल्टिकास्ट, म्हणजे एकच इमेज सगळ्यांना एकदम वाटणं, सुरू झालं आणि पाचच मिनिटांत गाडी रखडली. शिल्लक वेळ आधी वीस मिनिटं, मग पन्नास, मग दोन तास. तेवढ्यात दारात एक काका. धोतर, टोपी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदं.

“नेट खाणारं सर तुम्हीच काय ओ?”

पोराची फी भरायला खानापूरकडनं आले होते. फी भरून झाल्यावर ऑफिसातल्या क्लार्कला जमिनीचा उतारा काढून द्या म्हणाले. पान उघडेना. आमचे नेटवर्कचे स्विच स्वस्तातले. मल्टिकास्टचा माल कुणाला हवा, कुणाला नको हे त्यांना कळत नाही, सगळ्या वायरींत ढकलतात. ऑफिसचं नेट गुदमरलं आणि क्लार्कनं काकांना माझ्याकडं पाठवलं.

“ह्या चाळीसातल्या एकावर माजा उतारा काडा की.”

“काका, सगळी अडकलीत. पंगत बसलीय असं समजा. वाढपी एकदाच वाढत जातो, पण एकजण जरी हळू जेवला तरी पुढचा पदार्थ येत नाही.”

माझी चूक... छे, उपमा चांगलीच होती. काका खुर्ची ओढून बसले.

“मग हळू जेवणारा कोण त्यो?”

तेच शोधत होतो. गिगाबिटच्या वेगाला वायरीतल्या आठही तारा धड लागतात. एखादी तुटली की बऱ्याचदा मशीन गुपचूप दहापट हळू, १०० एमबीपीएसवर उतरतं, आणि त्याच्यासाठी सगळी लॅब त्याच चालीनं चालते. शेवटच्या रांगेत टेबलाखाली शिरलो. खुर्चीच्या चाकाखाली चेपून केबल चपटी झालेली, स्विचवर त्या पोर्टचा दिवा नारिंगी. केबल उपटायला हात घातला.

“थांबा! जेवणाऱ्याला ताटावरनं उठवालाय?”

“काका, एकोणचाळीस खोळंबलेत.”

“असंना की. आमच्या गावात म्हातारं जेवतंय तवर सगळी बसत्यात. हात वाळला तरी उठत न्हाईत.”

“इथं परीक्षा आहे.”

“त्येचं निम्मं पोट भरलंय. आता उठवलं तर त्येचं काय?”

मुद्दा बरोबर होता, हेच झोंबलं. अर्धी इमेज उतरलेली डिस्क कशाच्याच कामाची राहत नाही, सगळं पहिल्यापासून. टेबलाखाली कोळिष्टकात डोकं घालून मी ह्या गृहस्थाशी मल्टिकास्टच्या नीतिशास्त्रावर वाद घालत होतो, आणि नवी केबल मात्र मी गणपतीपासून मागतोय. कोटेशन तीन आणा म्हणतात. एका केबलला तीन कोटेशन! ती आणायला खडे बाजारात जायचं पेट्रोल माझं. हिवाळी अधिवेशनाला मंत्री गावात आले की रातोरात रस्ते होतात, आमची केबल मात्र ‘पुढील बैठकीत’.

उपटली. इमेज वाढणारा सर्व्हर जरा घुटमळला, त्या मशीनची वाट बघून बघून त्यानं त्याला सोडलं आणि उरलेली सुटली.

“पाप लागणार बघा,” काका म्हणाले, पण स्क्रीनकडं कौतुकानं बघत.

ती उरकल्यावर नेट आलं. जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्याखालचा विभाग), गाव, सर्व्हे नंबर भरला, प्रिंट काढली. काकांनी ती उलटसुलट केली आणि माझ्याच हातात दिली. “वाचा की.” सगळं कन्नडमध्ये. जमीन त्यांची, सारा त्यांचा, आणि स्वतःच्या बांधावर काय लिहिलंय ते कळायला कुणाला तरी गाठायचं. मला येतं कन्नड, नोकरीसाठी शिकलो. वाचलं. पिकाच्या रकान्यात भात. “यंदा रताळी लावल्यात,” काका चिडून म्हणाले, जणू तो रकाना मीच भरला होता.

दारातनं ऑफिसचा शिपाई डोकावला. “सर, आतेन्री?”

झालं का म्हणे! अजून कुठलं? एक मशीन पुन्हा पहिल्यापासून, आणि बाकी सगळ्यांचं नाव एकच पडलेलं, ते एकेकाचं बदलायचं. पाच वाजून गेलेले.

काकांनी प्रिंट पिशवीत घातली, नंदगडची गाडी चुकेल म्हणून उठले आणि दारातनं वळून म्हणाले, “सर, बुधवारी मेव्हण्याला घेऊन येतो. तीन सर्व्हे नंबर हायत त्येचं. तवा हे पंगतीचं काय ठेवू नका.”